सिस्टर उनांची बहीण

पूर्णेजवळच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात एकाही खोलीला बाहेरून कडी नव्हती. सिस्टर उनांनी आल्या आल्या सगळ्या काढायला लावल्या, असं जुनी माणसं सांगत. आयर्लंडहून तरुणपणी आलेल्या या बाई मराठी बोलायच्या ती थेट इथल्या शेतकऱ्यांची. "दार वढून घ्या, माणसाला कोंडू नका," असं त्या आम्हा नर्सांना सारखं बजावत.

एका दुपारी पालमकडचा एक मोठा शेतकरी आपल्या बिनलग्नाच्या मुलीला, सुमनला, घेऊन आला. तिचे दिवस भरत आले होते.

"बाळंत हुईस्तोर हिला आत ठिवा, सिस्टर. कुणाला दिसाय नको."

"ठिवते. पण लेकराचं काय करायचं, ते हिला इचारून करू."

तो गेल्यावर सिस्टर माझ्याजवळ बसल्या. "माझ्या थोरल्या बहिणीला, नोराला, आमच्या बापानं असंच नेऊन सोडलं. तिकडं आयर्लंडात अशा पोरींना कोंडून ठिवायला घरंच होती. तिचं लेकरू अमेरिकेत कुणाला तरी देऊन टाकलं, अन् तिला भिंतीआड लोकांचे कपडे धुवायला ठिवलं. तिथंच मेली. घरात तिचं नाव काढायचं न्हाई. माझा लय जीव गुदमरला, म्हणून मी हिकडं आले. तिकडच्या सरकारनं त्या घरांबद्दल माफी मागितली ती आत्ता, माझ्या म्हातारपणी."

सुमन दिवसभर उंबऱ्यापाशी बसून राही. दार उघडं होतं, पण जायला गाव उरलं नव्हतं. मुलगा झाल्यावर बाप जीप घेऊन आला. "लेकरू हितंच ऱ्हाऊ द्या. हिला नेतो."

सिस्टरांनी सुमनकडं पाहिलं. "बोल बाई. तुलाच इचारायलेय मी."

"मी देत न्हाई," ती खाली मान घालून म्हणाली.

बाप पुन्हा फिरकला नाही. सुमन आमच्याच स्वयंपाकघरात राबू लागली. रस्त्यावरून पालमची एसटी गेली की तिच्या हातातलं काम तसंच राही.

सिस्टर वारल्या त्याआधीच्या हिवाळ्यात अमेरिकेहून एका माणसाचा फोन आला. तो नोराचा मुलगा होता, आता स्वतःच आजोबा झालेला. किती तरी वर्षं तो आईचा माग काढत होता. सिस्टर इंग्रजीत बोलत होत्या. मध्येच फोनवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "आईनं मला का देऊन टाकलं, असं इचारायलाय."

मग त्यांनी त्याला हळू आवाजात सांगितलं, "तिनं दिलं नाही रे. तिच्या हातातून काढून घेतलं."