जित्या माणसाचं माप

"काढ ती टेप! जित्या माणसाला मापतोस व्हय रं?"

आवाज असा, की खुलताबादच्या डोंगरानं दचकून मान वळवली असेल. मानवशास्त्र माझा दुय्यम विषय. सरांनी उंच्या मोजून आणायला सांगितलं होतं. त्या वर्षीच्या दुष्काळात कावळेसुद्धा शहरातल्या उस्मानपुऱ्यातून पाणी पिऊन यायचे. शहराबाहेर, नव्या प्लॉटिंगला खेटून उरलेल्या धनगरवस्तीत मी एका आजीला टेप लावली, तोच तिचा मुलगा मेंढरं सोडून ओरडत धावला. वस्तीतल्या मयतांचे खड्डे तोच खणायचा. माणसाला मापायचं ते तेव्हाच, सुतळीनं. तळहातानं त्यानं आईच्या अंगावरून, पायापासून डोक्यापर्यंत, माझं माप पुसून काढलं.

"मग माझंच माप घ्या, मामा," मी हसलो.

त्यानं मला एकदाच आपादमस्तक न्याहाळलं.

"घेतलं."