सूर्य बुडाला की बाह्या खाली

ईशान्येतल्या त्या पोस्टवर आमची कंपनी पावसाळा संपता संपता चढली. मी तेव्हा फौजेत हवालदार होतो. पोस्ट म्हणजे डोंगराच्या खांद्यावर बांबूच्या चार बराकी, एक हेलिपॅड आणि खाली झरा. शत्रू कुठं दिसत नव्हता. डास मात्र पहिल्या संध्याकाळपासून हजर होते.

तुम्ही लोक सॅक पाठीला मारून दाजीपूरला, आंबोलीला जाता. गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका ट्रेकिंग ग्रुपनं मला बोलावलं होतं, जंगलात डासांचं काय करायचं ते सांगा म्हणून. मी सांगितलं. सूर्य बुडायच्या आधी बाह्या खाली, बटणं बंद, पँट मोज्यात. उघड्या अंगाला औषधी तेल लावायचं, कानामागं आणि मनगटालासुद्धा. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली दाबायच्या. साचलेल्या पाण्याजवळ मुक्काम टाकायचा नाही. ताप आला तर गोळी खाऊन पुढं चालायचं नाही, मागं फिरायचं आणि रक्त तपासायचं. एकजण म्हणाला, एवढं तर नेटवर पण आहे. असू दे की. नेटवर दत्ता नाही.

लान्स नाईक दत्ता नृसिंहवाडीचा. मी हातकणंगल्याकडचा, म्हणजे आम्ही गाववालेच म्हणायचे. सगळी पलटण मला उस्ताद म्हणायची, दत्ता एकटा वस्ताद म्हणायचा, तालमीतल्यासारखं. अंगानं दणकट आणि तोंडानं फाटका. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, त्याच्याकडं असायची. ती खांद्यावर, वर दुसऱ्या कुणा दमलेल्याची सॅक, आणि चढाला हा बडबडतच असायचा. त्याला झापायला गेलं की आपल्यालाच हसू यायचं.

पोस्टवरची शिस्त अशी होती. दिवस कलला की शिट्टी. सगळे फॉल इन, बाह्या खाली, तेल लावलेलं. मी रांगेतनं फिरून एकेकाचं मनगट हुंगायचो. हसू नका. तेलाला वास असतो, नाकाशिवाय तपासायचं कसं? मलेरियाची गोळी ठरल्या दिवशी माझ्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. यात कुणाची गय नव्हती. दत्तानं गोळी कधी चुकवली नाही. तेलही लावायचा.

पण फॉल इन सुटलं की गडी गायब. पहिल्यांदा मी शोधत गेलो तर हा खाली झऱ्यावर. बाह्या कोपराच्या वर, पँट गुडघ्यापर्यंत. हात, पाय, तोंड, मान खसाखसा धुतलेली. पश्चिमेला तोंड करून, हात जोडून उभा. त्याच्याभोवती डासांचं मोहोळ उठलेलं, आणि अंगावरचं तेल झऱ्यानं वाहून नेलेलं.

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता यायचं नाही. तो जोडलेले हात न सोडता म्हणाला, "वस्ताद, तिन्हीसांजेला हातपाय धुतल्याबिगर देवाम्होरं जाऊ न्हाई, आई म्हणती. आन् त्या तेलाच्या हातानं देवाला हात जोडू व्हय? रॉकेलागत वास मारतोय."

"मग जोडू नको."

"तेवढं सोडून बोला."

रीत तुमच्या-माझ्या घरातलीच आहे. दिवेलागणीला पोरगं खेळून आलं की आई आधी मोरीकडं पिटाळते. माझ्या आईनंही तेच केलं. त्यामुळं मला त्याचा राग धड धरताही येईना. तरी पाठीवर भरलेला पिट्ठू देऊन त्याला हेलिपॅडभोवती पळवला. उन्हं असताना धू म्हणालो. तर म्हणे, उन्हात कुठली आलीया तिन्हीसांज? वर येऊन परत तेल लावायचा, खोटं कशाला बोलू. पण तेवढा वेळ डासांना रग्गड होता, आणि गोळी काही सगळंच अडवत नाही. झऱ्यावर जायला बंदी केली, तर बाटलीतलं प्यायचं पाणी घेऊन बराकीमागं धुवायला लागला. शेवटी कंपनी कमांडर मेजर साहेबांनी त्याची रजा कापली. त्यानं रजा जाऊ दिली, हातपाय धुणं सोडलं नाही. काय करता अशा माणसाला?

मग लांब पल्ल्याची गस्त निघाली. आम्ही दहा जण होतो, कमांड माझ्याकडं. सोबत नर्सिंग असिस्टंट थॉमस, केरळचा, मोजकं बोलणारा. जंगल इतकं दाट की दुपारीसुद्धा खाली उजेड पडत नव्हता. दुसऱ्या मुक्कामाला दत्ता जेवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, तोंडाला चव न्हाई. सकाळी त्याला हुडहुडी भरली. पावसाचे दोन पाँचो अंगावर टाकले तरी दात वाजत होते. थॉमसनं बोट टोचून किटवर रक्ताचा थेंब टाकला आणि बघत बसला. रेघ उमटली. तो मला बाजूला घेऊन गेला.

"उस्ताद, फाल्सिपेरम है. ये दिमाग में चढता है."

त्यानं इंजेक्शन दिलं. त्याच्याजवळ होतं ते सगळं दिलं. मी रेडिओ सेट हातात घेतला.

"अल्फा, चार्ली. एक कॅज्युअल्टी, मलेरिया, सीरियस. चॉपर पाहिजे. ओव्हर."

"चार्ली, अल्फा. चॉपर निगेटिव्ह. ढग खाली उतरलेत. स्टँड बाय. ओव्हर."

आम्ही थांबलो. ढग हटेनात. दत्ताची लघवी काळपट झाली ते थॉमसनं बघितलं आणि मान हलवली. परत सेट लागला. चॉपर निगेटिव्हच होतं. हुकूम आला की रोड हेडकडं, म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथं, कॅरी करा, तिथं अॅम्ब्युलन्स उभी राहील. नकाशावर ते अंतर बोटभर दिसत होतं. मध्ये दोन डोंगर होते, आणि वाट म्हणावी अशी वाट नव्हती.

बांबू तोडून पाँचोचा स्ट्रेचर केला. चौघं उचलायचे, एक पुढं कोयत्यानं वाट तोडायचा, बाकीचे पहाऱ्याला. उतारावर चिखल होता आणि प्रत्येक पावलाला स्ट्रेचर तिरका व्हायचा. दत्ता पेलवत नव्हता. जो गडी इतरांच्या सॅका उचलायचा तोच आता सगळ्यांना जड झाला होता. दुपारपर्यंत तो शुद्धीत होता. मला म्हणाला, "वस्ताद, खाली ठेवा की मला, चालतो मी." त्यानंतर तो आम्हाला ओळखेना. थॉमस चालता चालता सारखी नाडी धरायचा. मी एकदा विचारलं, पोचेल का? त्यानं परत दत्ताचं मनगट धरलं. परत मी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, आणि कळूनही आम्ही चालत होतो, कारण दुसरं करायचं काय?

सूर्य बुडायला आला तेव्हा दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याला होतो. स्ट्रेचर खाली ठेवला. बाह्या खाली, तेल लावा, अशी ऑर्डर मी दिली. सवयीनं दिली. तेवढ्यात दत्तानं डोळे उघडले. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"दिवा लावायची येळ झाली," तो म्हणाला. "पाणी द्या की."

थॉमसला वाटलं प्यायला मागतोय. मी बाटली त्याच्या हातातनं घेतली. दत्ताचे बूट काढले. त्याच्या बाह्या वर केल्या. पोस्टवर ज्या बाह्यांसाठी मी त्याला उन्हात पळवला होता, त्याच. हात धुतले, पाय धुतले, तोंडावरनं ओला हात फिरवला. त्याला हात जोडता येईनात, ते मीच जोडून धरले. डास होतेच. मग बाह्या खाली करून त्याच्या मनगटांना, मानेला मी परत तेल चोळलं. आता कशाला चोळतोय, हे मला कळत होतं. माझ्या डोळ्यातनं पाणी येत होतं आणि मी चोळत होतो. पोरं दुसरीकडं बघत उभी राहिली.

रात्रभर चढलो, आणि उजाडता उजाडता खाली रस्ता दिसला. अॅम्ब्युलन्सचे दिवे दिसले. स्ट्रेचरच्या मागच्या बाजूला मी होतो. थॉमसनं हात वर करून थांबवलं, नाडी बघितली, डोळ्याला टॉर्च लावली आणि स्वतःची टोपी काढली. तिथनं रस्त्यापर्यंत आम्ही त्याला तसाच खांद्यावरनं नेला. एकानंही खांदा बदलून मागितला नाही.

बॉडीबरोबर मला पाठवलं. वाडीला नदीकाठी सलामी झाली, हवेत राउंड झाडले, सगळा गाव लोटला होता. भाषणं झाली. भाषणात शत्रू होता, गोळी होती. मी सरळ उभा राहिलो.

लोक पांगल्यावर त्याच्या आईजवळ बसलो. सांज होत आली होती. लांब देवळातली घंटा ऐकू येत होती. मावशी एकटीच, घरात दुसरं कुणी नाही. मग तिनं विचारलं, "तितं दिवेलागणीला हातपाय धुवायला पाणी गावायचं का वं त्याला?"

ती आता नाही, म्हणून हे लिहितोय. ती होती तोवर तोंडातनं अक्षर काढलं नाही.

"झरा हुता की मावशी," मी म्हणालो. "एक दिस चुकवलं न्हाई त्यानं."

तिचा चेहरा हलका झाला. त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदाच.

"मग बरं," ती म्हणाली. "तेवढं मी लावल्यालं वळण. लढाईतबी सोडलं न्हाई माज्या लेकानं. आता तेवढ्यावरच जगायचं बगा."

मी मान खाली घातली.

ती पदरानं तोंड पुसून उठली, समईत तेल घातलं, वात सारली. मग मागं वळून मला म्हणाली, "उठा पावणं. हातपाय धुऊन या, दिवा लावायचाय."

मी मोरीवर गेलो. बाह्या वर केल्या आणि पाणी घेतलं. कोपऱ्यातनं डास उठले, हातावर बसले. मी हात हलवला नाही.