वाळूचं घड्याळ

माझ्या नातीला, मीराला, शाळेत घातलेलं नाही. मुलगा आणि सून तिला घरीच शिकवतात, खेळातून. त्यामुळे आमच्या घरात मराठी हासुद्धा एक खेळ आहे. टीपॉयवरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं की मराठी सुरू. मग टोपलीतून चित्रांची कार्डं निघतात, मीरा 'कैरी' म्हणते आणि टॅबमधून टाळ्या वाजतात. वाळू संपली की मराठीही संपते आणि घर पुन्हा इंग्रजीत बोलू लागतं.

मी एरवी "ये गं चिमणे" म्हटलं, तर मुलगा समजुतीच्या सुरात सांगतो, "बाबा, आत्ता नको ना. तिचा गोंधळ होतो."

हा स्वतः माझ्या मांडीवर बोलायला शिकला. तेव्हा टाळ्याबिळ्या कोणी वाजवत नव्हतं. 'पाणी' म्हटलं की पाणी मिळायचं, हट्ट केला की धपाटा, तोही मराठीतच. आता मीही त्या टोपलीतलंच एक साधन. खेळापुरतं बाहेर काढायचं.

काल मीरा गॅलरीत धडपडली. गुडघा चांगलाच खरचटला होता, ओठ थरथरत होते. मी हात पसरले. ती धावत आली, पण आधी टीपॉयपाशी. तिनं घड्याळ उलटं केलं, वाळू पडायला लागलेली नीट पाहिली आणि मगच माझ्या कुशीत शिरून हुंदका सोडला, "आजोबा, लागलं!"

मी तिला थोपटत राहिलो. नजर मात्र, मेली, माझीही वाळूवरच होती.