गढूळ पाण्यातला बाजार

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात जाणाऱ्या कंपनी बसमध्ये माझा एक सहकारी शेअर बाजाराचं धावतं वर्णन करतो, कबड्डीचा सामना असावा तसं. तो मूळचा तलावाकाठच्या मासेमारांच्या वस्तीतला.

बाजार कोसळला त्या सकाळी अख्खी बस त्याला "विकून टाक" म्हणत होती. त्याची सारी बचत त्यात होती. त्यानं उलट थोडे शेअर घेतले आणि मोबाइल माझ्या हाती कोंबला.

"काऊन, भाऊ?" मी विचारलं.

"गढूळ पाण्यात जाळं एकदा टाकाचं, मंग थांबाचं. माये हात शिवशिवून राह्यले. बाजार बंद होईस्तोवर मांगतला तरी देऊ नको."

दुपारी तो खरंच आला, हात जोडले, चिडला. मी दिला नाही. पण खिशात मोबाइल थरथरला की आता माझेच हात शिवशिवत होते.