दुसऱ्या टोकाला चाचा

मायक्रोवेव्हच्या लिंक, म्हणजे टॉवर-टॉवरमधल्या बिनतारी जोडण्या, आखणं हे माझं काम. एका टॉवरवरची डिश आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या टॉवरवरची डिश एकमेकींच्या अगदी समोर हव्यात, मध्ये काहीही आडवं येता कामा नये, एवढं बघायचं. लोकांना वाटतं मी मोबाइल दुरुस्त करतो. शिक्रापुरातल्या माझ्या खोलीच्या मालकीणबाईंना मी कितीतरी वर्षं हे समजावतोय, आणि त्या अजूनही बंद पडलेला फोन माझ्याच हातात आणून देतात.

जमिनीचा चढउतार कॉम्प्युटर दाखवतो. पण कुणी बांधाला निलगिरी लावली, कुणी गुऱ्हाळाचं धुराडं उभं केलं, हे त्याला काय ठाऊक? म्हणून शेवटी माणसालाच वर चढावं लागतं. एकानं आपल्या टॉवरवरून आरशानं उन्हाचा कवडसा मारायचा, दुसऱ्यानं समोरच्या टॉवरवरून दुर्बिणीनं तो शोधायचा. दिसला की त्यानं दहा मीटर खाली उतरून पुन्हा बघायचं. जिथं दिसेनासा होतो ती उंची लिहून घ्यायची आणि डिश त्याच्या चांगली वर लावायची, कारण या लहरी दोऱ्यासारख्या बारीक जात नाहीत, मधल्या अंतरात चांगल्या फुगतात.

सकाळचं ऊन दक्षिणेकडं तोंड केलेल्या आरशात नीट सापडतं. त्यामुळं आरसा घेऊन मी शिरूरच्या बाजूला आणि दुर्बीण घेऊन चाचा दौंडच्या बाजूला, ही वाटणी ठरूनच गेली होती. चाचा ठेकेदाराकडचा टॉवरवर चढणारा माणूस, साठीला टेकलेला. त्याच्या कित्येक पिढ्या दौंडातच गेल्या. अकरा वर्षं आम्ही बरोबर काम केलं आणि समोरासमोर भेटलो असू जेमतेम दहा वेळा. दोन टोकांची माणसं, भेटणार कधी?

पण फोनवर रोज. वर चढलं की त्याचा पहिला प्रश्न, ‘‘खाल्लंस का काय, इंजिनेर?’’ मी काहीतरी थाप मारायचो, आणि तो शिव्या घालायचा. माझ्या खोलीवर कारखान्यातली चार पोरं राहायची, चौघांच्या पाळ्या वेगळ्या. मी उठायचो तेव्हा दोघं झोपलेली आणि दोघं कामावर. घरी फोन केला की आई प्रकृती विचारून फोन भावाकडं द्यायची. दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं सलग बोलणारा हा एकच माणूस होता, तोही टॉवरच्या टोकावरून.

कवडसा दिसला की चाचा त्याचं वर्णन करायचा. ‘‘दिसला, लख्ख हाय. लिंबाच्या शेंड्याच्या जरा डाव्या अंगाला.’’ मग कधीतरी हे वर्णन बंद झालं. ‘‘दिसला, दिसला, चल पुढं,’’ एवढंच. मला वाटलं, म्हातारा कंटाळला. मी मनावर घेतलं नाही.

मग एक लिंक जोडून झाली आणि सिग्नल येईना. तपासायला मी दौंडच्या टॉवरवर चढलो. डिश तिसाव्या मीटरवर होती, कारण ‘तिथून दिसतं’ असं चाचा म्हणाला होता. मी दुर्बीण डोळ्याला लावली. वडगाव रासाईच्या अलीकडं, नदीच्या अंगाला, निलगिरीची अख्खी रांग आडवी उभी होती. चांगली जुनी झाडं, चाचानं बघितलं तेव्हाही तिथंच असणार.

डिश वर सरकवली. रिपोर्टात मी लिहिलं, झाडं वाढली. चाचाला एका शब्दानं विचारलं नाही. हा माझा मोठेपणा होता असं कुणी समजू नये. ठेकेदाराला कळलं तर चाचाला दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, आणि मग त्या टोकाला माझं कोण? मी माझ्यासाठी गप्प बसलो.

पुढचा सर्व्हे महिन्याभरात निघाला. हवा स्वच्छ होती, खाली ऊस, लांबवर मांडवगण फराट्याकडं जाणारा रस्ता. चाचाचा फोन आला. ‘‘चढलोय. मार.’’

आरसा माझ्या खिशात होता. तो मी काढलाच नाही.

‘‘मारतोय चाचा. दिसतंय का?’’

‘‘दिसला की. लख्ख.’’

आधी राग आला, मग माझीच लाज वाटली. मी म्हणालो, ‘‘चाचा, आरसा माझ्या खिशात आहे.’’



‘‘कवा कळलं तुला?’’

‘‘वडगावच्या निलगिरीपासून.’’

‘‘म्हंजी महिना झाला. आन् तरी मला वर चढू दिलंस?’’ त्याचा आवाज चढला नव्हता. ‘‘मी हातानं चाचपत चढतो रं. पायरी हाताला घावती, पायाला न्हाई घावत. पडलो असतो म्हंजी?’’

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं होतं. मी खरं ते सांगितलं, ‘‘तुम्ही घरी बसलात तर मी कुणाशी बोलू, चाचा?’’

तो हसला नाही, शिवीही दिली नाही. म्हणाला, ‘‘काढ आरसा. आता खरा मार.’’

मी दोन बोटं समोर धरली, त्यांच्या फटीत दौंडचा टॉवर घेतला आणि बोटांवर ऊन पडेल असा आरसा तिरका केला. हात भरून येईपर्यंत मारत राहिलो.

‘‘न्हाई दिसत,’’ चाचा म्हणाला. ‘‘लिही तसं. ठेकेदाराला मी सांगतो, तू मधी पडू नको. उतरतो आता. फोन चालू ठेव.’’

मी फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिलो. तो मला दिसत नव्हता, मला त्याला धरताही येत नव्हतं. लोखंडावर बूट वाजायचा, मग बेल्टाचा हूक सोडून खाली अडकवल्याचा आवाज, मग त्याची धाप. मध्ये एकदा बूट घसरला आणि तो ‘या अल्ला’ म्हणाला. मी इकडं डोळे मिटून घेतले. मी एकेक पायरी मोजत होतो आणि मध्येच चुकत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

‘‘टेकले पाय,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘आता तू बी उतर.’’ आणि त्यानं फोन ठेवला.

मी लगेच उतरलो नाही. खाली माझ्याशी बोलणारं कुणीच नव्हतं.