जानेवारीतले मटार

कुंदाताई गेल्याचं मला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कळलं. त्यांचा भाचा प्रदीप आदल्या दिवशीच पानिपतहून आला होता. तो जिना चढून वर आला आणि म्हणाला, "काकू, मावशी उठत नाहीये." मी खाली जाऊन पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. झोपेतच हृदय बंद पडलं, असं ते म्हणाले. मग मी वर आले, गॅसवरची भाजी उतरवली आणि कागद घेतला. फोन कुणाकुणाला करायचे, गाडी, कागदपत्रं, मुलीला शाळेतून कोण आणणार... अकरा कामं निघाली. संध्याकाळपर्यंत अकराही झाली. रडणं त्यांत नव्हतं. आज सहा आठवडे झाले, ते अजून झालेलं नाही.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बरोबर खाली त्या एकट्या राहत. मूळच्या साताऱ्याच्या, एका सरकारी रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात नर्स. आवाज दोन मजले ऐकू जाई. माझ्या याद्यांमुळे मला त्या 'बाईसाहेब' म्हणत. दर जानेवारीत रविवारी आम्ही मागच्या लॉनवर उन्हात बसून मटार सोलायचो. पुढचे सहा महिने पुरतील एवढे, पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायला.

माझी मुलगी जुई सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दोन उन्हाळे तिच्या नाकातून रक्त येत होतं. कॉलनीत सगळे सांगत, "गर्मी है जी, नकसीर फूटी है, प्याज सुँघाओ." मी कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापलं आणि सवयीप्रमाणे तारखा लिहून ठेवल्या. वहीच्या त्या पानाला मथळा दिला, 'उन्हाळ्याचे त्रास'. त्या जानेवारीत मटार सोलता सोलता जुईच्या फ्रॉकवर थेंब पडले. मी तिची मान मागे केली.

"अगं, मान पुढे कर तिची! रक्त गिळतेय ती."

ताईंनी तिला किंचित पुढे वाकवून बसवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली, थांबलं नाही. पुन्हा दहा. तोंडाने श्वास घे, म्हणून तिला सांगत होत्या. मला विचारलं, "आजवर किती वेळा?"

"गेल्या उन्हाळ्यात चारदा. सगळं लिहिलंय."

"आणि थंडीत?"

दिवाळीत एकदा आलं होतं. दुधाचा दात पडला तेव्हा हिरडीतून दोन दिवस रक्त ओघळत होतं. पायांवर निळे डाग नेहमीचेच. यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं, कारण पान उन्हाळ्याचं होतं.

"जानेवारीत कसली गरमी, बाईसाहेब?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात स्वतः तपासण्यांना घेऊन गेल्या. रक्त गोठवणारं एक प्रथिन जुईच्या अंगात जन्मापासून कमी आहे. कायमचं.

मी नवी यादी करून फ्रिजवर लावली. सायकल नाही, झोपाळा नाही, खो-खो नाही... चौदा 'नाही' होते. ताईंनी उभ्या उभ्या वाचली, पेन मागितलं आणि अकरा खोडले. तीन ठेवले. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्यावरची गोळी नाही. आधी सांगितल्याशिवाय दातांच्या दवाखान्यात जायचं नाही. डोक्याला मार लागला तर वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय.

"हिला काय काचेच्या कपाटात ठेवणार आहेस?"

"मी जवळ नसताना रक्त आलं तर काय करेल ही?"

"मग तिला शिकव ना. तू आणि मी काय तिला जन्मभर पुरणार आहोत?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी तोवर तिला नाक धरायला शिकवलं होतं. त्या वर्षीपासून मटारची एक पिशवी त्यांच्या फ्रीझरमध्ये वेगळी राहू लागली. जुई सायकलवरून पडली की रुमालात गुंडाळून ती गुडघ्यावर ठेवायची. बर्फ टोचतो, मटार बसतात, असं त्यांचं मत. पुढे जुईची पाळी सुरू झाली तेव्हा मी ऑफिसात होते. रक्त किती जातं ते कसं मोजायचं, कोणत्या गोळ्या, डॉक्टरांना कधी फोन, सगळं त्या दोघींनी आधीच विचारून ठेवलं होतं. मला संध्याकाळी कळलं.

मागच्या रविवारी त्यांचं क्वार्टर रिकामं केलं. प्रदीप खोकी बांधत होता, मी यादीवर खुणा करत होते. जुई, आता पंधराची, भांडी कागदात गुंडाळत होती. मध्येच उठून ती ताईंच्या वेताच्या मोढ्यावर जाऊन बसली. पुढे वाकली, नाक धरलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं. मी हातात पेन घेऊन तशीच उभी.

"आई, तू तुझं काम कर," तोंडाने श्वास घेत ती म्हणाली.

दहा मिनिटांनी तिने हात काढला. थांबलं होतं. मी यादीकडे वळले. शेवटचं काम फ्रिजचं होतं.

"काकू, हे मटार टाकून देऊ का?" प्रदीपने पिशवी वर धरली. तिच्यावर मार्करने ताईंचं अक्षर होतं... 'जुई. शिजवू नये.'

मी ती वर आणून आमच्या फ्रीझरमध्ये ठेवली. या आठवड्याच्या बाजाराच्या यादीत मटार लिहिलेत. घरात पाऊण किलो आहेत.