दोघं आत, दोघं बाहेर

लाथ मारायचा पगार मिळतो हे मला एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं. तोवर मी पेंढा विकत होतो. आजही विकतो. भात झोडून झालं की कशेळ्याच्या आसपासच्या गावांतून पेंढा उचलायचा, टेंपोत रचायचा आणि तबेल्यांना पोचवायचा. टेंपो मला बापानं दिलेला नाही. पहिली काही वर्षं मी दुसऱ्याच्या टेंपोत भारे चढवले आणि भाव करायला तिथंच शिकलो. भाव करताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, पायांकडे बघायचं. ज्याला माल हवाच आहे त्याचे पाय जागचे हलत नाहीत.

त्या वर्षी लोधिवलीच्या मागं, एका फार्महाऊसच्या मैदानावर एक संघ उतरला होता. खेळ अमेरिकेतला फुटबॉल. देशात त्याची नवी स्पर्धा सुरू झाली होती आणि मुंबईच्या मालकांनी संघ काढले होते. खेळाडू धावत येऊन एकमेकांवर आदळतात, म्हणून मैदानाच्या कडेला त्यांना पेंढ्याच्या गाठी हव्या होत्या. त्या द्यायला मी गेलो होतो.

चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडून निमुळता. मैदानाच्या टोकाला दोन उंच खांब आणि मध्ये एक आडवा. त्या आडव्याच्या वरून आणि दोन उभ्यांच्या मधून चेंडू लाथेनं काढला की तीन गुण. त्यासाठी संघात एक वेगळा माणूस असतो. तो बाकी काही करत नाही. दोन तास बसून राहतो, मध्येच त्याला बोलावतात, तो एक लाथ मारतो आणि परत येऊन बसतो. त्या दिवशी ज्याची निवड चाचणी चालली होती त्याचे चेंडू बाजूच्या वडाकडे जात होते. मी गाठी उतरवता उतरवता हसलो. प्रशिक्षकानं ते पाहिलं.

"हसतोस काय? मारून दाखव."

मी चपला काढल्या. आम्ही लहानपणी भात कापलेल्या शेतात अनवाणी फुटबॉल खेळायचो. त्या शेतात सगळीकडे धसकटं असतात, टेकायचा पाय कुठं ठेवायचा हे पायालाच कळावं लागतं. मी तीन चेंडू मारले, तिन्ही मधून गेले. संघाचा मॅनेजर खुर्चीवरून उठून माझ्या टेंपोपर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. त्याचे पाय हलत नव्हते.

मग मी भाव केला.

कागद इंग्रजीत होता, दोन सीझनचा. सीझन चालू असताना लेखी परवानगीशिवाय कॅम्प सोडायचा नाही, बाहेरचं दुसरं काम करायचं नाही, सुट्टी फक्त सोमवारी. माझ्या धंद्यासाठी मी सोमवार मोकळा ठेवून घेतला. शिवाय कागदाच्या मागं मराठीत, माझ्या हातानं दोन अटी लिहून घेतल्या. पहिली, लाथ मारण्याशिवाय मला दुसरं कोणतंही काम सांगायचं नाही. बायकोनं आणि सासूबाईंनी ते आदळणं मोबाईलवर पाहिलं होतं, मला त्यात पडायचं नव्हतं. दुसरी अट माझ्या मेहुण्यासाठी होती.

चेंडू आपोआप उभा राहत नाही. एक जण वाकून पायांतून तो मागं फेकतो. दुसरा गुडघा टेकून झेलतो, टोकावर उभा करतो आणि वरून एका बोटानं धरतो. चेंडूला एका अंगाला दोरीची शिवण असते. ती खांबांकडे फिरवून ठेवायची, नाहीतर पाय शिवणीवर बसतो आणि चेंडू भरकटतो. एवढं सगळं दीड सेकंदात. हे बोट धरायला मला माझ्या विश्वासाचा माणूस हवा होता. माझा मेहुणा पोशीरचा, चोवीस वर्षांचा, हाताला स्थिर आणि धावायला हरणासारखा. घरी बसून होता. मी लिहिलं: दोघं आत, दोघं बाहेर. एकाला काढलं तर दुसराही जाईल.

मॅनेजर म्हणाला, "अरे, ही काय बैलजोडी आहे का?"

"बैलजोडीच समजा," मी म्हणालो. "एक बैल कोणी विकत नाय."

त्यानं सही केली. मेहुण्याला मी सोबत आणलं होतं, टेंपोत बसून मी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यात मी केलेला तो सगळ्यात चांगला सौदा होता, असं मला तेव्हा वाटलं.

पहिला सीझन आम्ही चांगला काढला. मेहुणा बोट धरायचा, मी मारायचो. शेवटची मॅच चार दिवसांवर होती तेव्हा सोमवारच्या सुट्टीत मी त्याला घेऊन कशेळ्याला माल उतरवायला गेलो. तबेल्याचा माणूस पेंढा ओला आहे म्हणून भाव पाडत होता. मी एक मूठ उपसून त्याच्या नाकाशी धरली.

"हुंग. ओला हाय?"

"वरचा नाय, आतला हाय."

"आतला तुझ्या बापानं भिजवला का?"

मागून मेहुणा "दाजी, दाजी" करत होता. भावात मध्ये बोललेलं मला खपत नाही. मी टेंपोच्या मागचा फाळका, म्हणजे माल अडवायची पत्र्याची झडप, धाडकन लावला, त्याला म्हणालो, "तू मध्ये बोलू नको रं," आणि माल तसाच परत न्यायची धमकी दिली. तबेल्याचा माणूस वठणीवर आला. परतताना मेहुणा बाहेर बघत, हात खिशात घालून बसला होता. मला वाटलं, ओरडलो म्हणून रुसलाय.

शेवटच्या मॅचला आम्ही दोन गुणांनी मागं होतो. वेळ संपत आलेली. मला बोलावलं. अंतर मी रोज मारतो तेवढंच होतं. चेंडू मागं आला, मेहुण्यानं झेलला, टेकवला आणि तो कलला. मी पळायला सुरुवात केलेली होती. पळताना मला शिवण दिसली, माझ्याकडे तोंड करून. त्या क्षणी थांबता येत नाही. पाय शिवणीवर बसला, चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला.

मोबाईलवर ती मॅच अख्ख्या बाजारानं पाहिली. बघणाऱ्याला फक्त लाथ दिसते, बोट कोणाला दिसत नाही.

आत गेल्यावर मी मेहुण्याचा डावा हात ओढला आणि चार दिवस त्यानं न काढलेला हातमोजा काढला. पहिलं बोट वांग्यासारखं सुजलेलं होतं, सांध्यापाशी वाकडं.

"कधीचं?"

"झाले चार दिवस."

"कशानं?"

"पडलो."

"आणि तू बोलला नाय?"

त्यानं हात सोडवून घेतला. दुखापत लपवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात, हा कॅम्पचा पहिला नियम होता. मी प्रशिक्षकाच्या खोलीकडे निघालो. दारापर्यंत पोचलो आणि माझीच ओळ मला आठवली. मी बोललो तर मेहुणा जाणार, आणि मेहुणा गेला तर मी जाणार. माझं नाव साफ करायचं तर ज्या संघात ते साफ करायचं तिथं मीच उरणार नव्हतो. मी दारातून मागं फिरलो. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अवो, तो पहिल्यांदा कुठं तरी टिकलाय." मी फोन ठेवला.

दुसऱ्या सीझनला त्यांनी पुण्याहून नवा लाथ मारणारा आणला, त्याचा चेंडू धरायला त्याचाच माणूस आला. मला काढलं नाही. काढता येत नव्हतं, कारण मेहुण्याचं बोट वाकडं का होईना बरं झालं होतं आणि प्रशिक्षकानं त्याला धावायला लावलं होतं. तो चेंडू छातीशी धरून असा पळायचा की मुंबईची पोरं त्याच्या नावानं ओरडायची. त्यांना तो हवा होता, म्हणून त्यांनी मला ठेवला. बैलजोडीतला दुसरा बैल.

तो सीझन मी कसा काढला ते मलाच माहीत. मैदानाला तारेचं कुंपण होतं. पलीकडून जुन्या हायवेवरच्या गाड्यांचा आवाज यायचा आणि त्यातला पेंढ्याचा टेंपो कुठला हे मी आवाजावरून ओळखायचो. माझे तबेले दुसऱ्यानं धरले होते. आठवड्यातल्या एका सोमवारात धंदा होत नाही. सकाळी सगळे सरावाला जायचे, मी माझे चेंडू घेऊन टोकाच्या खांबांकडे जायचो. धरायला कोणी नाही. पेंढ्याच्या गाठीतली काडी वळून मी चुंबळ करायचो, तिच्यावर चेंडू टेकवायचो आणि मारायचो. चाळीस मारायचे, चाळीस वेचून आणायचे. चाळीसच्या चाळीस मधून गेले तरी कोणी मान वर करत नव्हतं.

महिन्यानं मी मॅनेजरकडे गेलो. म्हणालो, मला दुसरं काहीही द्या, सामान लावतो, मैदान आखतो, नव्या माणसाला शिकवतो.

त्यानं कागद काढून उलटा केला आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "लाथ मारण्याशिवाय दुसरं कोणतंही काम सांगायचं नाही. तुमचीच अट आहे, शेठ. मी कशी मोडणार?"

"मग सोडा मला."

"सोडतो. मेहुण्याला विचारून या."

मी टेबलावरचा पेला भिंतीवर फेकला. माझ्यात ती खोड आहे. पेला स्टीलचा होता, पोचा पडून माझ्याच पायाशी आला. मॅनेजरनं तो उचलून परत टेबलावर ठेवला.

मेहुण्याला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो लगेच हो म्हणाला असता, आणि ते मला नको होतं. मला हवं होतं की त्यानं आपणहून प्रशिक्षकाकडे जावं आणि म्हणावं, चूक माझ्या बोटाची होती. तेवढं एक वाक्य. तो रोज माझ्या ताटात आधी वाढायचा, माझे बूट पुसून ठेवायचा, पण ते वाक्य त्यानं म्हटलं नाही. आम्ही एका खोलीत झोपत होतो आणि कामापुरतं बोलत होतो.

दुसरा सीझन संपला आणि स्पर्धाच बंद पडली. मालकांचा उत्साह संपला असावा. दोघं आत गेलो होतो, दोघं बाहेर आलो. मी परत पेंढ्याला लागलो, तबेले एकेक करून परत मिळवले. मेहुण्याला खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात काम लागलं. कशेळ्याच्या नाक्यावर मी टेंपो वळवायला लागलो की जीपवाले अजून म्हणतात, "शेठ, सांभाळून. मधूनच काढा, डावीकडं खांब हाय." मी कधी उतरून भांडतो, कधी नाही.

गेल्या हिवाळ्यात मेहुण्याचं लग्न जमवायला घेतलं. सासरे नाहीत, म्हणून बोलणी करायला मोठा म्हणून मी. पोशीरला सासूबाईंच्या घरी बैठक बसली, मुलीकडून तिचा मामा बोलत होता. माणूस माझ्याच जातकुळीतला, म्हणजे भाव करणारा. तो माझ्या पायांकडे बघत होता. तेव्हाच मी सावध झालो.

सगळं बऱ्यापैकी जुळलं. मेहुण्यानं चहाचा कप घेतला तेव्हा मामाला बोट दिसलं.

"हे बोट कशानं हो?"

"खेळताना," मेहुणा म्हणाला.

"म्हंजे यांच्या लाथेनं?" मामा माझ्याकडे बघून हसला. "तुमीच ना ते? मीबी बघितली होती मॅच. खांब चुकले नि बोट बरं सापडलं तुमाला."

घरातली सगळी हसली. म्हणजे आता बोटही माझ्या नावावर.

"माझ्या लाथेनं नाय," मी म्हणालो. आवाज मोठा झाला. "विचारा त्याला. सांग रं, कशानं?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं दारातून बाहेर पाहिलं. बाहेर अंगणात माझा टेंपो उभा होता, मागचा भाग घराकडे करून. तो फाळक्याकडे बघत होता. मीही तिकडं पाहिलं आणि मला तो कशेळ्याचा सोमवार दिसला. माझ्या हातातली पेंढ्याची मूठ, तबेल्याचा माणूस, मागून "दाजी, दाजी" आणि मी धाडकन लावलेला फाळका. त्याचा हात अजून आत होता. तो भावात मध्ये बोलत नव्हता.

मॅचच्या चार दिवस आधी.

मेहुण्यानं तोंड उघडलं. "मामा, ते…"

"फाळक्यात आलं," मी म्हणालो. "टेंपोच्या. मीच लावला होता."

"असं होय," मामा म्हणाला. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मग माझ्यासारखंच, भाव संपला असं वाटत असताना विचारतात तसं, सहज विचारलं, "आणि हे मॅचच्या आधी, का नंतर?"

दोन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो हाच होता. मॅनेजरनं विचारला नव्हता, प्रशिक्षकानं नाही, बाजारानं नाही. "आधी" एवढं म्हटलं की माझी लाथ सुटली. आणि मुलगा अडकला. दुखावलेलं बोट लपवून मैदानात उतरणारा, बहिणीच्या नवऱ्याला दोन वर्षं बोल खाऊ देणारा. असा जावई मी मामा असतो तर घेतला नसता. आतल्या दाराशी माझी बायको उभी होती. तिच्या तोंडावरून मला कळलं की आधी का नंतर हे तिला माहीत आहे, आणि कशानं तेही.

"नंतर," मी म्हणालो.

मामानं माझ्या पायांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. बशी खाली ठेवून तो म्हणाला, "मग सुपारी फोडू."

निघताना मेहुणा टेंपोपाशी आला. "दाजी, आधीचं होतं ते. आणि…"

"मला माहीत हाय."

"मी सांगणार होतो त्यांना."

"दोन वर्षं सांगणारच होता तू. सरक."

मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानं "दाजी" ऐवजी "बोट" म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. हे मी त्याच्या लग्नात त्याला ऐकवलं, अजूनही ऐकवतो. तो ऐकून घेतो. त्या दिवशी पोशीरहून निघताना मात्र मी त्याचे दोन्ही हात बाहेर दिसेपर्यंत थांबलो, फाळका लावला आणि टेंपो सुरू केला.